तुझ्या वयाचे पैसे

गंगापूर रोड, नाशिक
३ डिसेंबर २०२२

मैना,

पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. बावीस वर्षांनी तुझी ताई तुला लिहितेय. माझा मान ठेवू नकोस, पोस्टाच्या तिकिटाचा तरी ठेव.

अक्षर बघून तुला हसू येईल. अडतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारणारी बाई, आणि तिच्याच ओळी अशा उतरंडीला लागल्यात. उजवा डोळा गेल्या वर्षी गेला. गेला म्हणजे कडेकडेचं दिसतं, पण मधोमध धुरकट डाग. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही. आता डाव्याच्या पडद्याखाली पाणी साचायला लागलंय. डॉक्टर म्हणतात, महिन्याला एक याप्रमाणे सहा इंजेक्शनं घेतली तर हा वाचेल. इंजेक्शन कुठे, तर डोळ्यात! पहिलं नोव्हेंबरात घेतलं. एकाचे एकोणीस हजार पाचशे.

तू म्हणशील, तुला काय कमी आहे, मुख्याध्यापिकेची पेन्शन आहे. आहे ना. अठ्ठेचाळीस हजार. शेजारची हर्षाली तर मला श्रीमंत आजी म्हणते. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात फ्लॅट विकला, तेव्हापासून भाड्याने राहते, त्याचे बारा हजार. साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या, तपासण्या, स्वयंपाकाची बाई. विम्याचा हप्ता वर्षाला अठ्ठावन्न हजार, तो याच महिन्यात भरायचाय. आणि तो विमा डोळ्याच्या इंजेक्शनला एक पैसा देत नाही. का, तर त्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही! त्यात या महिन्यापासून पेन्शनमधून टॅक्सचे चार हजार कापायला लागले. सवलतीचा कागद सप्टेंबरात भरून द्यायचा होता. तो मला वाचताच आला नाही आणि कुणाला वाचून दाखव म्हणायची लाज वाटली. पुढच्या वर्षी रिटर्न भरला की पैसे परत मिळतील म्हणे. डोळा तोवर थांबणार आहे का?

आता मुद्द्याचं. या दिवाळीला मला ऐंशी पूर्ण झाली. खरी ऐंशी. आई नेहमी सांगायची, बेचाळीसच्या लक्ष्मीपूजनाला सगुणा आणि चव्वेचाळीसच्या शिमग्याला मैना. सरकारदरबारी मात्र मी अठ्ठ्याहत्तरची आणि तू जूनमध्येच ऐंशी ओलांडलेली. ऐंशी झाली की पेन्शन वाढते, टॅक्सही हलका होतो. माझ्या हातात महिन्याला आठ-नऊ हजार जास्त येतील. जवळजवळ अर्धं इंजेक्शन.

तो दिवस तुला आठवत असेल. विंचूरजवळच्या आपल्या शाळेत दादांनी दोघींना एकदमच नेलं. जन्माचा दाखला कोण मागतंय तेव्हा! गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. कान हाताला लागला की पोर सहाचं झालं, घ्या शाळेत. मी गोवराने वाळून काडी झाले होते, माझी बोटं केसांतच अडली. तू मुलखाची लांब हातांची, तू कान नुसता धरला नाहीस तर पिळून दाखवलास. झालं! गुरुजींनी तुला थोरली केलं आणि मला धाकटी. तुला एक जून बेचाळीस, मला एक जून चव्वेचाळीस. दादा म्हणाले, "असू द्या गुरुजी, पोरींच्या तारखा कोण इचारतंय." त्या दिवशी घरी येईपर्यंत तू थोरलीच्या तोऱ्यात मला हुकूम सोडत होतीस.

सोबत शंभराचा स्टॅम्प पेपर आहे. सगुणा थोरली, मैना धाकटी, शाळेत नोंदी उलट झाल्या, एवढाच मजकूर टाइप केलाय. सही करून पाठव. बहात्तर साली तू तारीख बदलायचा अर्ज केला होतास, तो नामंजूर झाला. त्यात माझा काही दोष नव्हता. तेव्हा जुना राग मध्ये आणू नकोस.

तुझी ताई


२० डिसेंबर २०२२

मैना,

तुझं पोस्टकार्ड आलं. हर्षालीने वाचून दाखवलं आणि मागे आणखी काही आहे का म्हणून कार्ड उलटून बघितलं. "ऐंशी झाली? अभिनंदन. माझी जूनमध्येच झाली." बस्स! बावीस वर्षांनंतर एवढंच सुचलं तुला?

बरं, भांडायचंच असेल तर भांडू. माझंही ऐकून घे.

एकतीस मे दोन हजारला तुला रिटायर केलं. पूर्ण पेन्शनला नोकरीची तेहतीस वर्षं लागतात, त्यात एक वर्ष कमी पडलं आणि पेन्शन कापून मिळाली. खऱ्या तारखेने तुला आणखी पावणेदोन वर्षं मिळाली असती, तेहतीस भरून वर उरली असती. हे मला कळत नाही असं तुला वाटतं का? निरोप समारंभात तू नारळ हातात घेऊन माझ्याजवळ आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, उद्या माझ्याबरोबर शिक्षणाधिकाऱ्यांकडे चल आणि थोरली कोण ते सांग." मी म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी मी आले नाही.

कशी येणार होते? तू धाकटी ठरलीस की मी थोरली ठरणार, आणि मलाही सहा महिन्यांत घरी बसवणार. ह्यांची कंपनी बंद पडून किती वर्षं झाली होती. घर माझ्या पगारावर चालत होतं. आणि इतक्या उशिरा तुझं काम होणारही नव्हतं. अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच करावा लागतो.

तू मात्र असं तोंड फिरवलंस की आईच्या दहाव्यालाही माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस. मी ग्लास पुढे केला आणि तू चुलतीला म्हणालीस, मला तहान नाही. उन्हातून चालत आली होतीस. मला तेव्हा फार लागलं, मैना. आजवर कुणाला बोलले नाही, तुला सांगते.

डिसेंबरचं इंजेक्शन हुकलं. पैसे विम्यात घालू की डोळ्यात, यात पंधरा दिवस गेले. शेवटी विमा सोडला. म्हातारपणी विमा सोडू नये म्हणतात, पण दोन्ही धरायला हात पुरत नाहीत. जानेवारीचं इंजेक्शन घेईन. डॉक्टर रागावले, मध्ये खंड पडला की आधीचं वाया जातं म्हणाले.

सही करणार नसशील तर तसं लिही. मी तुझ्या पाया पडणार नाही, कारण काही झालं तरी मी थोरली आहे.

ताई


९ जानेवारी २०२३

मैना,

स्टॅम्प पेपर सहीसकट आला. बरोबर चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत, काही नाही. सही तीच, तुझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी होती तशी. मी तो कागद भिंगाखाली धरून बराच वेळ बघत बसले.

शुक्रवारी तो घेऊन पेन्शनच्या ऑफिसात गेले. माझी फाइल गोरक्षकडे आहे. गोरक्ष माझा विद्यार्थी, सतराचा पाढा त्याला चौथीपर्यंत आला नाही, आणि आता माझी पेन्शन तो बघतो. खुर्ची दिली, चहा मागवला. कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, सेवापुस्तकात जी तारीख आहे तीच खरी. आता देव येऊन सांगायला लागला तरी बदलत नाही."

मी म्हणाले, "अरे पण खरं काय ते धाकट्या बहिणीने लिहून दिलंय ना!"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, खरं मानलं तर तुम्ही दीड वर्ष जास्त नोकरी केली असं निघतं. मग त्या पगाराची वसुली लागेल. हा कागद घरी न्या. मी पाहिलाच नाही असं समजतो."

मला हसूच फुटलं बघ. त्या दीड वर्षासाठी मी तुझ्यासारखी बहीण घालवली, आणि आज तेच दीड वर्ष माझ्या डोळ्यावर बसलंय. तेव्हा धाकटी राहण्यात फायदा होता, आता थोरली होण्यात आहे. सरकार म्हणतंय, बाई, एकदा काय ते ठरवलंत ना, मग राहा आता तिथेच. बरोबरच आहे त्यांचं.

गोरक्षने आणखी एक विचारलं. म्हणाला, "पाच वर्षांच्या आत अर्ज का नाही केला दोघींनी?" मी म्हणाले, "मैनाने केला होता. नामंजूर झाला." तो लगेच म्हणाला, "मग त्याचा जावक नंबर असेल. जिल्हा परिषदेत माझा साडू आहे, जुन्या वह्या काढायला सांगतो." मी चहा अर्धा ठेवून उठले. उशीर होतोय म्हणाले. कसला उशीर, मला कोण विचारणारं बसलंय घरी?

जानेवारीचं इंजेक्शन झालं. साठवलेलं संपलं, फेब्रुवारीचं होणार नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. तुझ्या सहीबद्दल आभार मानायला हवेत, पण ते कसे लिहायचे ते सुचत नाही.

ताई


२ फेब्रुवारी २०२३
दुपारी

मैना,

तुझा किशोर आत्ताच इथून गेला. होलसेलवाल्याकडून दुकानाचा माल घेऊन पाचला परत येतो म्हणालाय. तोवर हे पत्र लिहून संपवायचंय आणि त्याच्याच हाती द्यायचंय. उद्यावर टाकलं तर माझ्याच्याने लिहून होणार नाही.

दारात उभा राहिला तेव्हा मला त्याचे फक्त कान दिसले, पण "मावशी" म्हणाला आणि ओळखलं. बेचाळीस वर्षांचा बाप्या झालाय गं! मला वाकून नमस्कार केला. टेबलावर इंजेक्शनचं बिल पडलं होतं, ते उचलून त्याने औषधाचं नाव घडाघडा वाचलं. याला पर्याय आहे मावशी, थोडं स्वस्त पडेल, डॉक्टरांना विचारू, म्हणाला. मग खिशातून पाकीट काढलं. "आईने दिलंय. एकोणतीस हजार चारशे ऐंशी. ऐंशी झाल्यावर तिची पेन्शन वाढली ना, ते आठ महिन्यांचे जास्तीचे पैसे. तिने हातसुद्धा लावला नाही त्यांना. म्हणते, हे तुमच्या वयाचे पैसे आहेत, चुकून तिच्या खात्यात येतात. आता दर महिन्याला पाठवणार आहे."

मैना, पैसे माझ्यासमोर आहेत. त्यात फेब्रुवारीचं इंजेक्शन आहे, मार्चचंही अर्धं आहे. गप्प बसून ठेवून घेतले असते तर तुला काही कळलं नसतं.

मी तुझा अर्ज दिला नव्हता.

बहात्तरच्या ऑक्टोबरात तू वणीहून मला तो पाठवलास. लिहिलंस, ताई, तू नाशकात आहेस, जिल्हा परिषदेत देऊन ये, मला रजा मिळत नाही. मी तो घेऊन तिथवर गेले. दारात उभी राहिले. त्याच महिन्यात ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं होतं. मला वाटलं, तुझी तारीख खोटी ठरली की माझीही ठरेल. खोट्या तारखेवर नोकरी मिळवली म्हणून मला काढलं तर आम्ही दोघांनी खायचं काय? तशीच परत फिरले. आठ महिन्यांनी तुझी पाच वर्षं भरली, आणि मग तुला सांगितलं की नामंजूर झाला. तू लगेच विश्वास ठेवलास. म्हणालीस, जाऊ दे ताई, दोन वर्षांनी काय होतंय.

आधी भीती होती, हे खरं आहे. पण नंतर लोभ होता, तेही लिहिते. दोन हजार साली मला भीती नव्हती. मला ते दीड वर्ष हवं होतं.

तुझी पेन्शन कापली गेली तेव्हा किशोर फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने कॉलेज सोडलं आणि दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये काउंटरला उभा राहिला, हे मला चुलतीकडून कळलं होतं. दुकान स्वतःचं व्हायला त्याला किती वर्षं लागली असतील, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही कधी. आज तो पोरगा माझ्या डोळ्याच्या औषधाचं नाव वाचत होता आणि मी भिंतीकडे बघत होते.

पैसे परत पाठवतेय. याला माझी मिजास समजू नकोस. मला ते हवेत. डोळ्याची मला फार भीती वाटते, सकाळी उठल्यावर आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघते, कालच्याइतकं दिसतंय का म्हणून. पण तुला खरं माहीत नसताना मला हे घेता येत नाहीत. आता माहीत झालंय. द्यायचे की नाही, तू ठरव. नाही म्हणालीस तर मी एका शब्दाने विचारणार नाही.

मला माफ कर असं लिहिणार होते. पण ते मागण्याइतकं तोंड मला नाही. पाकिटात पैसे मोजून घे, हर्षालीकडून मोजून घेतलेत.

सगुणा


वणी
७ फेब्रुवारी २०२३

ती. ताईस,

किशोरने पाकीट परत आणून हातात दिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारीची मिजास अजून जात नाही. मग पत्र वाचलं. दोनदा वाचलं आणि गाईला वैरण घालून आले, मग तिसऱ्यांदा वाचलं.

अर्ज दिला नव्हतास, हे मला माहीत आहे. दोन हजार सालापासून माहीत आहे.

त्या दिवशी तू आली नाहीस, म्हणून मी एकटीच गेले. तिथल्या क्लार्कला गळ घालून बहात्तरच्या आणि त्र्याहत्तरच्या आवक नोंदवह्या काढायला लावल्या. तीन तास पान न् पान बघितलं. बदल्या होत्या, रजा होत्या, कुणाच्या तरी सायकलीच्या कर्जाचा अर्ज होता. माझं नाव कुठेच नव्हतं. नामंजूर व्हायला अर्ज आधी यावा लागतो बाई, असं तो क्लार्क म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने पाणी आणून दिलं.

तू साक्षीला आली नाहीस म्हणून मी बोलणं टाकलं, असं तू धरून बसलीस. अगं, ते मी कधीच गिळलं असतं. तुझं घर तुझ्या पगारावर चालतं हे मला कळत नव्हतं का? मी एवढ्यासाठी थांबले होते की तू स्वतः सांगशील. आईच्या दहाव्याला तू ग्लास घेऊन आलीस तेव्हा मला वाटलं, आता सांगेल. तू म्हणालीस, पाणी घे. पाणी नको होतं गं मला.

डिसेंबरात तुझं पत्र आलं, त्यातही पुन्हा तेच, अर्ज नामंजूर झाला. तेव्हा ते चुलीत घालणार होते. पण अक्षर बघितलं आणि ठेवून दिलं. तू सांग किंवा नको सांगूस, डोळा जाऊ द्यायचा नाही, असं ठरवून मी सही केली आणि पैसे पाठवले.

किशोरला मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. त्याला मावशी एकच आहे.

पैसे घेऊन मी सोमवारी पहिल्या गाडीने येतेय. दान म्हणून नाही. ऐंशी तुझी झालीय, माझी पुढच्या वर्षी शिमग्याला होईल. तोवरची वाढ तुझी आणि त्यानंतरची माझी, एक रुपया जास्त देणार नाही. गणित मीही बत्तीस वर्षं शिकवलंय. डॉक्टरांकडे मी बरोबर येणार आणि टॅक्सचा तो कागदही आणून ठेव, पुढच्या वर्षीचा मी भरून देईन. कागद वाचायला लाजतेस, या वयात?

माफ केलं असं लिहीत नाही. ते अजून झालेलं नाही आणि मी खोटं लिहिणार नाही. बावीस वर्षांत मी तुला खूप पत्रं लिहिली, ताई. एकही टाकलं नाही. पेटीत आहेत, सगळी घेऊन येतेय. त्यात तुला नाही नाही ते बोललेय. ती तू वाचायचीस. मी वाचून दाखवणार नाही, हर्षालीलाही हात लावू द्यायचा नाही. माझ्यासमोर बसून, एकेक, तुझ्या डोळ्याने वाचायचीस. म्हणून तो डोळा मला हवाय.

मैना